हळू बोला, झोपलेत

टूर कंपनीनं माझ्या गळ्यात जो बॅज अडकवला, त्यावर 'सुवर्णदांपत्य : पती' असं छापलेलं होतं. आईच्या गळ्यात 'सुवर्णदांपत्य : पत्नी'. मी चाळिशी उलटलेली, एका कॉलेजात ग्रंथपाल असलेली, शक्यतो कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई आहे. आयुष्यात आपल्याला काय काय व्हावं लागेल याची मी बरीच तयारी केली होती. आईचा नवरा व्हावं लागेल, हे त्यात धरलेलं नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर दुपारच्या झोपेपासून सुरुवात करायला हवी.

बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. पेपर रात्री छापतात, म्हणून चुका रात्री शोधाव्या लागतात, आणि म्हणून चुका शोधणारा माणूस दुपारी झोपतो. जेवण झालं की बाबा उजव्या कुशीवर वळत, उजवा तळहात गालाखाली घेत आणि चहापर्यंत जगाला रजा देत. तेवढा वेळ घर गप्प ठेवणं हे आईचं काम. ते ती गवयानं तंबोरा लावावा इतक्या निगुतीनं करी. आमच्याकडे दुपारी कुकरची शिट्टी होत नसे. व्हायच्या बेतात आली की आई चिमट्यानं ती हलकेच उचले आणि वाफेला दारापर्यंत पोचवायला गेल्यासारखी बाहेर सोडी. दाराच्या घंटीत तिनं कापूस भरला होता. मी आणि दादा खाणाखुणांनी भांडायला शिकलो. अजूनही आमची भांडणं बघणाऱ्याला नाच वाटतात. 'हळू बोला, झोपलेत' हे माझ्या कानावर पडलेलं पहिलं पूर्ण वाक्य असावं. पुढे मी ग्रंथपाल झाले, यात माझं कर्तृत्व फारसं नाही.

निवृत्तीनंतर रात्रपाळी गेली, झोप राहिली. आता मात्र आई कुरकुर करायला लागली. "आता कसली झोप? आता काय छापून यायचंय तुमचं?" त्यावर बाबांनी कुठूनतरी एका टूर कंपनीची जाहिरात आणली. नदीकाठचं एक जुनं शहर, तिथली बुद्धमंदिरं, सोबत वाटाड्या, राहणं-जेवण सगळं कंपनीचं. जाहिरातीत एक फोटो होता: देवळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक आडवा बुद्ध. उजवी कूस, गालाखाली हात. खाली छापलं होतं 'निद्रिस्थ बुद्ध'. बाबांनी आधी लाल पेनानं 'स्थ' खोडून 'स्त' केला, मग कागद आईपुढे धरला.

"बघ. हा आडवा झाला तर लोक फुलं वाहतात. मी आडवा झालो की तू भांडी आपटतेस."

"भांडी मी कधी आपटली नाहीत," आई म्हणाली. ते खरंच होतं. "आणि फोटोचं काय सांगता? प्रत्यक्ष दाखवा, मग बोला."

बाबांनी दोघांची नावं घातली. लग्नाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून 'सुवर्णदांपत्य' नावाच्या खास योजनेत घातली.

त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी ते नेहमीसारखे झोपले आणि उठले नाहीत.

आईला ते कळलं नाही. कळायचं काही कारणच नव्हतं. चहाची वेळ टळली, तिनं एकदा दारातून हाक मारली आणि 'आज गाढ लागलीय' म्हणून भांडं खाली उतरवून ठेवलं. समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या, त्यांना तिनं दारातूनच तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. मी कॉलेजातून फोन केला तर कुजबुजली, "झोपलेत गं. मग कर." मी फोन ठेवला. जन्मभर जे काम ती उत्तम करत आली होती, ते तिनं त्या दुपारीही उत्तम केलं.

नंतर ती सगळ्यांशी नीट बोलली, नीट जेवली. दोनच गोष्टी तिनं सोडल्या. एक म्हणजे 'अहो' हा शब्द. बाबांचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, 'अहो' हेच त्यांचं नाव. आता ते घरातून गेलं. दुसरं म्हणजे, दुपारी कुणालाही झोपू देणं.

हे दुसरं प्रकरण गंभीर होतं. माझा डोळा लागला की खांद्यावर हात पडे.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी हवंय का विचारलं."

समोरच्या काकूंच्या नातवाला तिनं पाळण्यात उठवलं. त्याला झोपवण्यात काकूंची सकाळ गेली होती, त्यामुळे दोन्ही घरांचे संबंध काही काळ लेखी स्वरूपाचे झाले. जिन्यातल्या मांजराला ती रोज उठवी. ते शेवटी दुसऱ्या इमारतीत राहायला गेलं. तिचं हत्यार म्हणजे बिस्किटांचा एक स्टीलचा डबा. त्याचं झाकण तिच्या हातून सहज निसटे. पन्नास वर्षं जिच्या घरात चमचा वाजला नाही, तिच्या हातून आता दुपारभर झाकणं पडत. आणि ती स्वतः? ती खुर्चीत ताठ बसून राही, पहाऱ्यावर असल्यासारखी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं शेजारी वाटल्या असाव्यात, कारण समोरच्या काकूंची तक्रार अचानक थांबली.

मला एवढंच हवं होतं की आईनं एकदा दुपारी आडवं व्हावं. फार मोठी मागणी नव्हती. पण ज्यानं कुणी मोठ्या माणसाला झोपवून बघितलंय, त्यालाच ती किती मोठी आहे ते कळेल.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तशात टूर कंपनीचा फोन आला, की सुवर्णदांपत्यानं तयारीला लागावं.

मी कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीमागे एक बाई नखांना रंग लावत होत्या.

"आम्हाला नाव रद्द करायचंय," मी म्हटलं.

"अर्ज मुख्य प्रवाशाच्या सहीनं लागेल."

"मुख्य प्रवासी वारले."

"अरेरे," त्या मनापासून म्हणाल्या. त्यांनी ब्रशसुद्धा खाली ठेवला. "मग त्यांची सही लागेल."

"ते सही कशी करतील?"

"तेच म्हणतेय मी. आधी करून ठेवायला हवी होती."

आतून त्यांचे साहेब आले. त्यांनी माझ्याकडे, मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं आणि माणुसकीला धरून तोडगा काढला. "रद्द कशाला करता? नाव राहू दे, माणूस बदला. तुम्ही चला ना आईंबरोबर. आमचा कॉम्प्युटर नाव बघतो, माणूस बघत नाही."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासाठी. ती डब्यात बिस्किटं रचत होती. तिनं झाकण लावलं, चक्क आवाज न करता, आणि म्हणाली, "जाऊन येऊ. ते आडवे आहेत म्हणत होते ना हे, एकदा बघायचंय मला. खरं का खोटं."

इमारतीत बातमी पसरायला जिन्याचा एक मजला पुरला. समोरच्या काकू म्हणाल्या, "न्याच. हवापालट हवाच." मग म्हणाल्या, "पण नदीकाठची हवा दमट, जपा." मग म्हणाल्या, "किती दिवस नसाल?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला तो मी विसरणार नाही. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी मला जिन्यात थांबवलं.

"वडिलांच्या नावावर प्रवास करताय असं ऐकलं."

"हो."

"म्हणजे कागदोपत्री प्रवासात तुम्ही नाही."

"नाही."

"आणि जे आहेत, ते कागदोपत्री हयात नाहीत." त्यांनी डोळे मिटून विचार केला. "बस उलटली तर तुम्हाला काहीही होणार नाही."

एवढा धीर मला कुणीच दिला नव्हता.

बसमध्ये कळलं की बाबांच्या नावाबरोबर बाबांच्या सगळ्या सोयीही माझ्या वाट्याला आल्या आहेत. त्यांनी नाव घालताना 'विशेष गरजा' सविस्तर लिहिल्या होत्या. मुद्रितशोधक मोकळी जागा सोडत नाही. त्यामुळे मला पहिल्या रांगेतली जागा, चढण्या-उतरण्यासाठी काठी आणि बिनमिठाचं जेवण मिळालं. काठी नको म्हटलं तर वाटाड्या ऐकेना. "ताई, तुमच्या नावापुढे काठी आहे. ती मी परत नेली तर मला उत्तर द्यावं लागेल." शिवाय मला एक जादा उशी होती, लहानशी, निळ्या अभ्र्याची. बाबांनी लिहिलं होतं: 'दुपारसाठी'.

वाटाड्याला सगळे माइकराव म्हणत. गळ्यात छोटा ध्वनिक्षेपक, हातात माइक, आणि त्याच्याशिवाय बोलायची सवयच गेलेली. "साखर किती?" हेसुद्धा ते माइकवरून विचारत. निघण्याआधी ते हजेरी घेत आणि यादी बाबांच्या नावानं सुरू होई. पहिल्या सकाळी त्यांनी बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बसभर दणाणून सोडलं. 'हजर' म्हणायचं तर ते खोटं, 'नाही' म्हणायचं तर ते मला अजून जमत नव्हतं.

"आले का?" माइकराव.

"आहेत," आई म्हणाली आणि समोरच्या काचेतून बाहेर बघायला लागली.

तेव्हापासून हजेरीला उत्तर तीच देई.

पहिली दोन-तीन मंदिरं छान पार पडली, म्हणजे माझ्या अब्रूपुरतं बोलायचं तर नाही. प्रत्येक दारात लोक माझ्या बॅजकडे बघत, मग आईकडे, मग सुसंस्कृतपणे आकाशाकडे. मागच्या रांगेत एक जोडपं होतं, टोपीवाले काका आणि त्यांच्या काकू. काकूंनी शेवटी विचारलंच.

"रागावू नका हं, पण तुम्ही पती कशा?"

"वडिलांच्या जागी आलेय."

"अगंबाई." त्यांनी माझा हात धरला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. नसले तरी बायकोला हिंडवतायत. नाहीतर तुम्ही."

टोपीवाले काका माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत.

मंदिरं सुंदर होती, हे नमूद केलं पाहिजे. मी निघण्यापूर्वी तीन पुस्तकं वाचली होती आणि त्यातलं काहीही सांगायची संधी मला मिळाली नाही, कारण माइकराव श्वास मध्येच घेत नसत. नदीच्या पायऱ्यांवरून चढत गेलं की एकेक आवार लागे. आत गार फरशी, मेणाचा वास, आणि अंधारात हळूहळू उजळत येणारा एकेक चेहरा. आई प्रत्येकापुढे हात जोडी, नीट बघे आणि मला हळूच म्हणे, "हे बसलेत." पुढच्या ठिकाणी, "हे पण बसलेत." एका उंच मंदिरात मान दुखेपर्यंत वर बघून, "हे उभेत." मग माइकरावांना, 'अहो' ओठांवर येता येता अडखळून, "दादा, आडवे कुठेत?"

"येणार, आजी, येणार! निद्रिस्त बुद्ध हे आपल्या सहलीचं मुख्य आकर्षण! शेवटच्या दिवशी!" माइकवरून.

खरी पंचाईत जेवणानंतर होई. ज्येष्ठांची बस, ती जेवणानंतर सुरू झाली की पाच मिनिटांत माना कलंडत. मी आईचा हात धरून बसे, पण माझी जागा बाबांची, म्हणजे खिडकीची. आई आतल्या वाटेच्या बाजूला, मोकळी. ती डबा घेऊन उठे आणि रांगेरांगेनं मागे जाई.

"बिस्कीट घेता?"

झोपलेला माणूस उत्तर देत नाही. मग झाकण पडे.

टोपीवाले काका पहिल्यांदा 'आग!' म्हणून ओरडत उठले. दुसऱ्यांदा त्यांनी बिस्कीट घेतलं आणि खाताखाता परत झोपले, म्हणून आईनं त्यांना तिसऱ्यांदा उठवलं; घशात अडकलं तर काय, हे तिचं म्हणणं बिनतोड होतं. एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंनी मला बजावलं, "आईला शिस्त लावा." शेवटी संध्याकाळी माझ्याकडे एक शिष्टमंडळ आलं. पती या नात्यानं मी पत्नीला समज द्यावी, अशी त्यांची मागणी होती. टोपीवाल्या काकांनी ती मांडली. आता मला खरं सांगणं भाग होतं. मी चार वाक्यांत सांगितलं. बाबा, दुपार, काकूंची वाटी, माझा फोन.

टोपीवाल्या काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिच्याखालचं डोकं मी प्रथमच बघत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बस सुरू झाली आणि एकही मान कलंडली नाही. सगळे ताठ, डोळे वटारून बसलेले. हेडमास्तरीणबाई स्वतःला चिमटे काढत होत्या. आई डबा घेऊन उठली, वाटेनं मागपर्यंत गेली, परत आली.

"सगळे जागे आहेत," ती म्हणाली.

"मग बस ना आता."

ती बसली. पण पाठ टेकली नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही नावेनं नदी ओलांडून आडव्या बुद्धाच्या आवारापाशी पोचलो, तर दाराला साखळी आणि पाटी: 'सोन्याच्या मुलाम्याचे काम चालू. मंदिर बंद.' पाटीशेजारी खुर्चीत रखवालदार, हनुवटी छातीला टेकलेली, गाढ झोपेत.

माइकरावांचा चेहरा उतरला, आवाज मात्र उतरला नाही. "मंडळी! नाराज होऊ नका! शेजारच्या दुकानात याच मूर्तीचं भव्य चित्र आहे! हुबेहूब! शिवाय पलीकडे अतिशय देखणा उभा बुद्ध—"

"उभे पुष्कळ झाले," आई म्हणाली आणि पायरीवर बसली.

मी तिच्याजवळ वाकले. "आई, बंद आहे गं. आपण परत कधीतरी..."

"ह्यांनी सांगितलं होतं आडवे आहेत म्हणून. न बघता मी काय सांगू त्यांना?" आवाज साधा होता, भाजी आणली नाहीस का विचारावं तसा. तिचे डोळे थकून लाल झाले होते. मला एकदम लक्षात आलं की हिला इथून तशीच परत नेलं, तर ही त्या खुर्चीत ताठ बसेल ती कायमची.

तोवर टोपीवाले काका पायरीवर बसले होते. मग त्यांच्या काकू, मग हेडमास्तरीणबाई. बघताबघता आख्खी बस पायऱ्यांवर बसली.

"हे काय चाललंय?" माइकराव म्हणाले. "नाव सुटेल आपली!"

"सुटू दे," टोपीवाले काका म्हणाले. "त्या माणसाला उठवा आणि विचारा."

माइकरावांनी रखवालदाराला माइकवरून हाका मारल्या. दादा, भाऊ, साहेब, सर. काठी आपटून मीही बघितलं. तेवढाच तिचा उपयोग झाला असता, पण झाला नाही. त्या माणसाची झोप नदीसारखी होती, वरून काहीही गेलं तरी खाली हलत नव्हती. मग हळूहळू सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. हेडमास्तरीणबाईंनी घसा साफ केला.

"आजी," त्या म्हणाल्या, "तो डबा आणलाय ना?"

आई उठली, रखवालदारासमोर उभी राहिली आणि झाकण सोडलं. पायऱ्यांच्या दगडावर ते पडलं, उसळलं, गोल गोल फिरत नदीच्या दिशेनं वाजत गेलं. रखवालदार ताडकन उभा राहिला, कुणीतरी मोठा साहेब तपासणीला आला असं समजून त्यानं सलाम ठोकला आणि पुढच्या क्षणी साखळी काढली. आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा आमचे निम्मे लोक आत पोचले होते.

"पाच मिनिटं हं," तो बिचारा मागून म्हणत होता. "पाचच."

आत अर्धा अंधार होता. बांबूच्या परांचीमधून, दोरखंडांमधून तो दिसत होता. आधी पाय, माणसाच्या उंचीहून मोठे. मग वस्त्राच्या चुण्या, कुठे जुना काळपट रंग, कुठे कोरा सोनेरी. चेहऱ्यावरचं काम नुकतंच झालेलं असावं. उजवी कूस, गालाखाली हात, अर्धवट मिटलेल्या पापण्या.

आणि त्याच्या चौथऱ्याच्या सावलीत, गार फरशीवर, मुलामा देणारे कारागीर ओळीनं झोपले होते. दुपारची सुट्टी असावी. सोन्याचा वर्ख लागलेली बोटं, डोक्याखाली गुंडाळलेले कपडे, सहा-सात जण, एकजात उजव्या कुशीवर. दाराकडून उजेड येत होता, त्याकडे पाठ करून.

मी आईच्या हातांकडे बघितलं. डब्याचं झाकण रखवालदारानं उचलून आणून आईच्या हातात दिलं होतं.

माइकरावांनी माइक तोंडाशी नेला. "मंडळी! आपल्याला वाटतं हा बुद्ध झोपलाय! पण हा झोपलेला नाही! हे महापरिनिर्वाण! म्हणजेच भगवंतांचा अखेरचा—"

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

माइकराव थांबले.

"माहीत आहे. झोपलेले नाहीत ते. तरी हळू बोला." तिनं झाकण डब्यावर ठेवलं आणि तळव्यानं दाबत दाबत असं बसवलं की टकसुद्धा झालं नाही. "माणसं झोपलीत."

मग ती चालायला लागली. पायांपासून डोक्यापर्यंत, झोपलेल्या प्रत्येकाला वळसा घालत, पदर सावरत. माझ्या लहानपणी ती स्वयंपाकघरातून खोली ओलांडून जायची तशी, टाच न टेकवता. आम्ही सगळे तिच्यामागे तसेच. हेडमास्तरीणबाईंनी चपला हातात घेतल्या होत्या. डोक्याशी पोचल्यावर आई त्या मोठ्या कानाखाली उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली.

आईनं वर्षभर न उच्चारलेला शब्द तो. त्या मंदिरात जितके नवरे होते ते सगळे वळले. टोपीवाले काका वळले, माइकराव वळले, रखवालदार वळला. गळ्यात बॅज असल्यामुळे असेल, मीही वळले.

आई कुणाकडेही बघत नव्हती.

"झोपा," ती म्हणाली. "चहाची घाई नाही."

मग तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि खांदे हलू लागले. आवाज नव्हता. आमच्या घरात दुपारी रडायचंही असंच. टोपीवाल्या काकूंनी तिला धरलं. मी धरायला हवं होतं, पण माझ्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात उशी, आणि चष्म्यातून मला काही दिसत नव्हतं.

पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. रखवालदार आठवण करून द्यायला आला, दारात थांबला आणि स्वतःच तोंडावर बोट ठेवून परत गेला.

परतीच्या नावेत आम्हाला शेवटचं बाक मिळालं. नदीवर ऊन होतं, इंजिन एका सुरात धडधडत होतं. आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळानं तिनं डबा माझ्याकडे दिला.

"ती उशी दे."

"कुठली?"

"ह्यांची. दुपारची."

मी दिली. तिनं बाकावर ती नीट ठेवली, दोनदा थोपटली, उजव्या कुशीवर वळली आणि तळहात गालाखाली घेतला.

जे व्हावं म्हणून मी वर्षभर देव पाण्यात घातले होते, ते झालं, आणि माझी पाचावर धारण बसली. मी नावेतल्या सगळ्यांकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. टोपीवाल्या काकूंनी नवऱ्याचा खोकला आपल्या हातानं दाबून धरला. मी आईच्या पदराकडे बघत राहिले. तो वर-खाली होतोय असं वाटे, मग ते नावेचं हलणं आहे असं वाटे. इंजिनामुळे श्वास ऐकू येईना. मी धीर धरला. मी शिकलेली बाई आहे. मग तर्जनी हळूच तिच्या नाकापाशी नेली.

"अगं, जिवंत आहे मी," आई डोळे न उघडता म्हणाली. "बोट काढ."

मी काढलं.

"आणि चहाला उठव."

"हो."

"नक्की उठव हं. हाक मारून सोडू नकोस. हलव."

"हलवते, आई."

ती एक मोठा श्वास घेऊन उशीत आणखी खोल गेली आणि थोड्याच वेळात चक्क घोरायला लागली. इंजिनावरून ऐकू येईल इतकं. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. माइकराव पुढून वाकून वाकून येताना दिसले. उतरायच्या घाटाची माहिती सांगायची वेळ झाली होती. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनी आईकडे बघितलं, माइककडे बघितलं, मग त्यातल्या दोन्ही बॅटऱ्या काढून माझ्या हातात ठेवल्या.

"ताई," ते म्हणाले, आणि माइकशिवायचा त्यांचा आवाज किती लहान आहे हे मला तेव्हा कळलं, "घाट आला तर काय करायचं?"

"नाव जरा फिरवून आणायला सांगा," मी कुजबुजले. "झोपलीय."